उमेदवाराच्या नवऱ्याची शिकवणी

लिएनआजी, काल तुमच्या अंत्यविधीला मी घरात बूट घालून बसलो होतो.

आमच्या डायनिंग टेबलापाशी, लॅपटॉपसमोर. इस्त्रीचा शर्ट, टाय, आणि पायात पॉलिश केलेले काळे बूट. आमच्या घरात बूट दाराबाहेर काढतात हे तुम्हाला ठाऊक आहे, तुमच्याकडेही तीच रीत. अनघाने माझ्या पायांकडे नुसतं पाहिलं. रेवाला मात्र राहवलं नाही. "डॅड, कॅमेरा तर ऑफ आहे. हूज गोइंग टू सी युअर शूज?" मी म्हणालो, "लिएनआजी." तुमचंच म्हणणं होतं ना, की समारंभात नुसतं बसायचं असलं तरी पायात बूट हवेत, कारण माणसाचा चेहरा पायांपासून सुरू होतो. ते कसं, हे तुम्ही कधी समजावून सांगितलं नाहीत. पण काल बूट घातल्यावर माझी पाठ खरोखर ताठ झाली.

लॉकडाऊनच्या नियमाने दहाच माणसं आत. तुमची लेक थुई, तिच्या घरचे, मास्क लावलेले दोन भिक्षू. तुमचा मुलगा ब्रिस्बेनला, राज्याची सीमा बंद म्हणून तोही माझ्यासारखा पडद्यावर. सकाळी तुमची गाडी निघाली तेव्हा आपली वेरिबीतली सगळी गल्ली आपापल्या ड्राइव्हवेवर उभी होती. समोरच्या गॅरीने टोपी काढली होती आणि ती आता कुठे धरायची हे त्याला कळत नव्हतं. तुम्ही असतात तर त्याला सांगितलं असतंत. हातांचं काय करायचं हा तुमचा खास विषय.

गल्लीला तुम्ही ठाऊक होता त्या कुंपणापलीकडच्या व्हिएतनामी आजी म्हणून. त्र्याऐंशी वर्षांच्या, दुपारी लाल प्लास्टिकच्या स्टुलावर उन्हात बसणाऱ्या. युद्धाच्या काळात सायगॉनमध्ये तुम्ही एका खासदाराच्या पत्नी होता, दारात गाडी होती, हे आमच्यापैकी फार कुणाला माहीत नव्हतं. मलाही समजलं ते गेल्या वर्षी, अनघा कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, निवडणुकीला उभी राहिली तेव्हा. त्याआधीची पाच वर्षं आपण फक्त "लव्हली वेदर" म्हणणारे शेजारी. म्हणजे मी "लव्हली वेदर" म्हणायचो. तुम्ही पहिल्याच दिवशी माझं वय विचारलं होतंत. मी चाट पडलो. आमच्या पुण्यात निदान पगारापासून सुरुवात करतात. तुम्ही म्हणालात, "वय कळल्याशिवाय तुला काय म्हणायचं ते मला कसं कळणार?" ही गोष्ट मला एकदम पटली.

त्या दिवशी मी कुंपणावरून बातमी दिली. रेवाच्या शाळेसमोर झेब्रा क्रॉसिंग नाही, अनघाने कौन्सिलला लिहून लिहून बोटं झिजवली, दर वेळी "आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे" एवढंच उत्तर. शेवटी ती म्हणाली, "नोंद घेणाऱ्यांच्यातच जाऊन बसते." आणि तिने अर्ज भरला. मला वाटलं तुम्ही अभिनंदन कराल. तुम्ही मास्क जरा वर ओढलात आणि विचारलंत, "ती काय करणार ते कळलं. तू काय करणार?"

"मी? माझं वर्क फ्रॉम होम आहे," मी म्हणालो.

"ते नव्हे. उमेदवाराच्या जोडीदाराला काम असतं. फुल टाइम. मी केलंय, बारा वर्षं. उद्या ये."

अशी माझी शिकवणी सुरू झाली. सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये वीस वर्षं काढलेला, चव्वेचाळीस वर्षांचा, टक्कल पडू लागलेला पुणेकर वेरिबीत राजकारण्याची बायको व्हायला शिकत होता. माझ्या आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "चला, कुणीतरी काहीतरी शिकवतंय तुला."

पहिला धडा भाषण ऐकण्याचा. कुठल्या आठवड्यात कुठल्या झाकणाचा कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायचा, याचं कौन्सिलचं पत्रक तुम्ही हातात घेतलंत आणि खासदारसाहेबांच्या थाटात वाचायला लागलात. पिवळं झाकण, हिरवं झाकण, सार्वजनिक सुट्टी आल्यास एक दिवस उशिरा. एकदा वाचलंत. मग पुन्हा. मग तिसऱ्यांदा. मी प्रत्येक वेळी पहिल्यांदाच ऐकतोय असा चेहरा ठेवायचा. दुसऱ्याच फेरीला मला जांभई आली. तुम्ही पत्रक खाली ठेवलंत. "माझ्या नवऱ्याचं पूल बांधण्याविषयीचं भाषण मी एका उन्हाळ्यात गावोगाव ऐकलं. नावेत बसून जायचं, उतरायचं, भाषण ऐकायचं, परत नावेत. मला जांभई आली असती तर गाव म्हणालं असतं, हिलाच पूल नकोय." मग तुम्ही गुपित सांगितलंत. दर वेळी भाषणातला एक नवीन शब्द निवडायचा आणि तो कधी येतो त्याची वाट बघत बसायचं. चेहरा आपोआप जागा राहतो. विनोद आला की लोकांच्या किंचित नंतर हसायचं, म्हणजे लोकांना वाटतं, आपल्याला हसताना बघून ही खूश झाली.

मी हे घरी करून बघितलं. अनघा झूमवर मतदारांशी बोलत होती आणि मी कॅमेऱ्याबाहेर बसून "फुटपाथ" या शब्दाची वाट पाहत होतो. संपल्यावर ती म्हणाली, "तू असा का बघत होतास? पोटात दुखतंय का?" तुम्हाला सांगितलं तर तुम्ही स्टुलावरून पडायच्या बेताला आलात. हसताना तोंडावर हात धरायची तुमची सवय, मास्क असतानासुद्धा.

मग हातांचा धडा. हात रिकामे ठेवायचे नाहीत, कारण रिकाम्या हातात लोक अर्ज देतात. तुम्ही पंखा धरायचात, चंदनाचा. मी काय धरू विचारल्यावर तुम्ही कुंपणावरून कोथिंबिरीची जुडी दिलीत. आठवडाभर मी कोथिंबीर हातात धरून गल्लीत फिरलो. कुणी मला काही दिलं नाही हे खरं. पण गॅरीने अनघाला हळूच विचारलं, "इज ही ऑलराइट, मेट?"

आणि तो फ्लेक्स! त्याबद्दल तुम्ही मला जन्मभर चिडवणार होता, आता मीच स्वतःला चिडवत बसतो. इथे उमेदवार आपल्या अंगणात एक साधा बोर्ड लावतात. चेहरा, नाव, एखादी ओळ. तेवढ्यावर भागवून फ्लेक्स न करणं म्हणजे माझ्या पुणेरी रक्ताचा अपमान. मी बसलो आणि केला. मधोमध अनघा, हात जोडून. वर "आपल्या हक्काची उमेदवार" याचं इंग्रजी. आणि खाली, आपल्याकडे असतात तसे, शुभेच्छुकांचे गोल फोटो. इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष, खजिनदार, तबल्याचे सर, माझा मित्र निखिल गॉगल लावून, आणि कोपऱ्यात नम्रपणे मी. एकूण दोन रांगा. रात्रीतून अंगणात उभा केला. सकाळी रेवा शाळेच्या ऑनलाइन तासावरून उठून बाहेर आली आणि म्हणाली, "ओह माय गॉड, डॅड, दॅट्स सो क्रिंज." गॅरी कुत्र्याला फिरवत आला, बराच वेळ उभा राहिला आणि त्याने मनापासून विचारलं, "सो विच वन ऑफ देम अ‍ॅम आय व्होटिंग फॉर?"

अनघाने माझ्याशी तासभर अबोला धरला. तुम्ही मात्र काठी टेकत रस्त्यापर्यंत आलात, एकेक गोल फोटो नीट बघितलात, आणि इतक्या हसलात की डोळे पुसायला चष्मा काढावा लागला. मग म्हणालात, की तुमच्या साहेबांच्या पहिल्या पोस्टरवर त्यांनी फ्रेंच धाटणीचा कोट घातला होता, केस चप्प बसवलेले. नदीकाठच्या गावांत लोकांना वाटलं हा माणूस टॉनिक विकतोय. एक म्हातारी चक्क बाटली घेऊन आली होती भरून न्यायला. "मग तुम्ही काय केलंत?" मी विचारलं. "बाटली भरून दिली," तुम्ही म्हणालात. "मधाचं पाणी. तिचं मत आम्हाला मिळालं."

एवढं हसवणाऱ्या बाईने एके दिवशी लसूण सोलता सोलता मला बारा वर्षांतलं खरं काम सांगितलं. तो दिवस मी विसरणार नाही. तुम्ही कुंपणापलीकडे, मी अलीकडे, दोघांच्या मांडीवर ताटली. तुम्ही म्हणालात, "भाषणं त्याची होती. सांत्वनं माझी." युद्ध चालू होतं. मतदारसंघातल्या गावागावात पोरं मरत होती. खासदार विधानं करायचे आणि घरोघर जायचं काम बायकोवर यायचं. तुम्ही सुरुवातीला पुढच्या दारातून जात होता, फुलं घेऊन, आणि घरातली माणसं उभी राहून तुमचंच स्वागत करायची. एका आईने तर नवी साडीच म्हणा ना, नवा पोशाख घातला होता तुमच्यासाठी. त्यानंतर तुम्ही मागच्या दाराने जायला लागलात, थेट स्वयंपाकघरात. जे काम पडलं असेल ते हातात घ्यायचं. लसूण असेल तर लसूण, भांडी असतील तर भांडी. आपण आधी बोलायचं नाही. देशासाठी गेला असं तर कधीच म्हणायचं नाही. पोराचं नाव घ्यायचं, आणि तो काय खायचा ते विचारायचं.

यंदा एप्रिलमध्ये पुण्यात निखिलचे वडील कोविडने गेले. विमानं बंद. गॉगलवाला निखिल इथे दिवाणखान्यात बसून होता आणि येणारा प्रत्येक जण त्याला "स्ट्राँग राहा" सांगत होता. मी त्याच्या स्वयंपाकघरात गेलो, सिंकमधली भांडी घासायला घेतली. थोड्या वेळाने तो आत आला, फडकं घेऊन पुसायला लागला. मी विचारलं, "काकांना काय आवडायचं रे?" आणि निखिल बोलायला लागला. भरल्या वांग्यापासून सुरू झाला तो स्कूटरपर्यंत गेला, मधे रडला, मधे खो खो हसला. मी त्या दिवशी तुमचे आभार मानायला आलो होतो. तुम्ही म्हणालात, "भांडी स्वच्छ घासलीस का?"

आता आपल्या भांडणाकडे येतो. ते राहिलंच आहे.

इथे मतपत्रिकेवर पसंतीचे आकडे लिहायचे असतात. तुमचा पहिला माणूस बाद झाला तर तुमचं मत दुसऱ्याला जातं. म्हणून उमेदवार आपापसात ठरवतात, तू तुझ्या पत्रकावर मला दोन नंबर दे, मी तुला देतो. मतदानाच्या आधी अनघाला असा एक प्रस्ताव आला. ज्याच्याकडून आला तो गृहस्थ फेसबुकवर लिहीत होता, की ज्यांनी हा आजार आणला "त्या चेहऱ्यांच्या" लोकांपासून आपली दुकानं लांब ठेवा. तुम्हाला सुपरमार्केटमध्ये बघून बायका ट्रॉली वळवायच्या ते त्याच दिवसांत. तुम्ही ते सांगतानाही हसला होता. "लोक मला केवढी जागा देतात. मंत्र्याच्या बायकोलासुद्धा एवढी देत नव्हते." मला हसू आलं नव्हतं.

त्याची मतं मिळाली तर अनघा नक्की येणार होती. संध्याकाळी चहा घेताना तिने मला विचारलं, "आत गेले तर निदान काही करता येईल. बाहेर राहून काय करणार मी? तुला काय वाटतं?" तोवर ती मला सगळं विचारायची. कुठला कुर्ता, कुठला फोटो, हे वाक्य जड होतंय का. मी "सांगतो" म्हणालो आणि कोथिंबीर आणायच्या निमित्ताने कुंपणापाशी आलो. तुमचं उत्तर तयार होतं.

"सांगू नकोस."

"अहो, पण ती विचारतेय."

"विचारतेय म्हणूनच. माणूस अशा वेळी मत विचारतो तेव्हा त्याला सोबत हवी असते. म्हण, तू करशील त्यात मी आहे. आणि चहा ओत."

मग तुम्ही ती गोष्ट सांगितलीत. कोवळ्या पोरांना आणखी लवकर सैन्यात ओढायचा ठराव सभागृहात येणार होता. आदल्या संध्याकाळी साहेबांनी तुम्हाला विचारलं, तुला काय वाटतं. तुम्ही इतक्या घरांची स्वयंपाकघरं पाहिली होती. तुम्ही म्हणालात, विरोधात मत द्या. त्यांनी दिलं. ठराव तरीही झालाच. गाडी गेली, दारातला पहारा गेला, पुढच्या वेळी उमेदवारी गेली. युद्ध संपल्यावर ते कित्येक वर्षं जिंकणाऱ्यांच्या छावणीत कैदेत होते, मग सुटले, इथे आले, सनशाइन उपनगरातल्या कारखान्यात पंखे जोडायचं काम केलं, म्हातारे झाले. "त्याने मला कधी दोष दिला नाही," तुम्ही म्हणालात. "फक्त पुन्हा कधी विचारलं नाही. सूप आणखी हवं का, हे विचारायचा. खिडकी लावू का, हे विचारायचा. तुला काय वाटतं, हे मेपर्यंत नाही. गाडी गेल्याचं काही नाही मिलिंद. मला गाडी लागायची."

मी घरी गेलो आणि अनघाला सांगितलं, "नको देऊस. तुला दोन नंबर देणाऱ्या हाताने त्याने लिएनआजींबद्दल काय लिहिलंय ते बघ." तिने प्रस्ताव नाकारला. आणि ती पडली. थोडक्यात पडली. एक निवृत्त मास्तरीणबाई निवडून आल्या, चांगल्या आहेत. शाळेसमोर क्रॉसिंगसुद्धा झालं, आणि अनघा आता त्यावरून चालताना पांढरा पट्टा न् पट्टा नीट रंगवलाय की नाही ते बघते.

पण आजी, तुम्ही म्हणाला होता तसंच झालं. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, आमचे राग दमदार असतात आणि लवकर संपतात. ती फक्त विचारेनाशी झाली. नोकरी बदलली, मग मला सांगितलं. सोफा घेतला, तो आल्यावर कळला. करड्या रंगाचा. मला करडा रंग अजिबात आवडत नाही. घरात सगळं छान, हसणं-खेळणं चालू, जेवताना "भाजी वाढू का?" आणि ते ऐकलं की मला तुमच्या घरातलं सूप आठवायचं.

मी तुमचं न ऐकल्याचं तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही मला सरळ नापास केलंत. पण त्यानंतर डबे बाहेर ठेवताना दर वेळी तुम्ही भुवया उंचावून विचारायचात, "विचारलं का तिने?" मी मान हलवायचो. तुम्ही पण मान हलवायचात. तुमच्या चेहऱ्यावर "मी सांगितलं होतं" हे कधी दिसलं नाही. उलट, माझ्याइतकीच तुम्हीही वाट बघत होता असं मला वाटायचं.

एकदाच मी मर्यादा सोडली. म्हणालो, "तुम्ही बरोबर होतात म्हणूनच साहेबांनी पुन्हा विचारलं नसेल. त्यांना भीती वाटली असेल, तुम्ही पुन्हा बरोबर असाल आणि पुन्हा ऐकावं लागेल." तुम्ही उठलात, लाल स्टूल उचललंत आणि आत गेलात. चांगले चार-पाच दिवस कुंपणापलीकडे स्टूल नाही. मी कासावीस. अनघाला कारण सांगता येईना. मग एका दुपारी ते परत आलं, तुम्ही बसलात आणि जणू मधे काही झालंच नाही अशा स्वरात म्हणालात, "एक बदक होतं."

ठरावानंतर काही दिवसांनी नदीकाठच्या गावातली एक बाई नावेने आली होती. मागच्या दाराने. तिचा मुलगा अजून घरी होता, किती दिवस राहील कुणास ठाऊक, पण त्या घटकेला होता. साहेबांनी विरोधात मत दिलं एवढं तिने ऐकलं होतं. तिने कृतज्ञता म्हणून जिवंत बदक आणलं. तुम्ही ते कापायला घेतलंत तर साहेब स्वयंपाकघरात आले. कधी न येणारा माणूस. म्हणाले, हे राहू दे. दारातला पहारेकरी गेला होता, त्याच्या जागी बदक फिरायला लागलं. येणाऱ्या-जाणाऱ्यावर ओरडायचं. साहेब त्याला सकाळी भात घालायचे आणि त्याच्याशी बोलायचे.

"मग!" मी ओरडलोच. "माणसाला पश्चात्ताप झाला असता तर बदक ठेवलं असतं का त्याने?"

"तू फार बोलतोस," तुम्ही म्हणालात. पण त्या दिवशी तुमचा चेहरा, आजी! एखाद्या पोरीला कुणीतरी पहिल्यांदा सुंदर म्हणावं तसा. नंतर तुम्ही ते बदक कसं चालायचं ते मला काठी घेऊन करून दाखवलंत. त्र्याऐंशीव्या वर्षी. थुई आतून ओरडली, "मा, तुझा गुडघा!"

हे भांडण आपण मिटवलं नाही. बदक माझ्या बाजूने होतं असं मी म्हणत राहिलो आणि तुम्ही म्हणत राहिलात की बदकाला राजकारण कळत नाही. मग गेल्या मंगळवारी, लसीचे दोन्ही डोस झालेल्या, कुणाला घाबरत नसलेल्या तुम्ही, दुपारी जेवून आडव्या झालात आणि उठला नाहीत. थुई म्हणाली, चष्मा उशाशी नीट घडी करून ठेवला होता. मी ऐकलं आणि कुंपणापाशी जाऊन उभा राहिलो. वाईट वाटलं, खूप वाटलं. पण खरं सांगू? पहिल्यांदा आठवलं ते बदकाचं चालणं, आणि मी तिथेच उभ्या उभ्या हसलो. रडूही आलं, ते नंतर.

कालच्या कार्यक्रमात एकाने तुमच्या पतीविषयी बरंच सांगितलं. त्यांची पदं, त्यांची छावणीतली वर्षं. तुमच्याविषयी एवढंच, की आदर्श पत्नी. मी तो चेहरा ठेवून ऐकत होतो, "पत्नी" शब्दाची वाट बघत. मला उठून सांगावंसं वाटत होतं, की ह्या बाईच्या धाकाने वेरिबीतला एक माणूस भांडी घासायला शिकला, ऐकायला शिकला. एवढी सांत्वनं केलेल्या बाईच्या स्वयंपाकघरात काल कुणाला जाता आलं नाही. म्हणून संध्याकाळी मी थुईच्या मागच्या दाराशी सोललेल्या लसणाचा डबा ठेवून आलो. तिने फोन केला आणि तुम्ही काय काय खायचात ते मला अर्धा तास सांगितलं.

हे सगळं मी तुम्हाला मराठीत लिहितोय. जिवंत असताना आपलं सगळं इंग्रजीत चाललं, माझं पुणेरी, तुमचं अर्धं फ्रेंच. आता तुम्ही आहात तिथे भाषेची अडचण नसावी. आणि लिहायचं कारण वेगळंच आहे. एक बातमी द्यायची आहे, आणि ती दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही.

आज सकाळी मी आणि अनघा फिरायला निघालो, मास्क लावून, परवानगीच्या वेळेत. नदीच्या कडेला पोचल्यावर ती म्हणाली, की एका पक्षाच्या माणसाचा फोन आला होता. पुढच्या वर्षी राज्याची निवडणूक आहे, तिचं नाव सुचवायचं का, विचारत होता. आठवड्यापूर्वीचा फोन. मला आताच कळत होतं. मी "अच्छा" म्हणालो. आता ती ठरलेला निर्णय सांगणार आणि मी मान डोलावणार, हे मला सवयीचं झालं होतं.

ती थांबली. रस्त्याच्या मधोमध. मागून येणारा सायकलवाला घंटी वाजवत बाजूने गेला.

"तुला काय वाटतं?" तिने विचारलं.

आजी, तिने विचारलं.

तुमचं उत्तर मला पाठ होतं. तू करशील त्यात मी आहे, एवढंच म्हणायचं आणि चालायला लागायचं. दहा महिने ज्याची वाट बघितली ते हातात आलं होतं, आणि ते पुन्हा घालवायची मला भयंकर भीती वाटली. मी नदीकडे बघितलं. मग म्हणालो, "मला वाटतं, नको. निदान त्यांच्याकडून तरी नको."

"का पण?"

मी कारणं सांगितली. तिने ती एकेक करून खोडली. मी तिची खोडली. ती म्हणाली, तुला राजकारणातलं ओ की ठो कळत नाही, मी म्हणालो, तो सोफा भिकार आहे. ती म्हणाली, सोफ्याचा इथे काय संबंध, मी म्हणालो, आहे, संबंध आहे! ती मास्क खाली ओढून ओरडली, परत वर केला, आणि परत ओरडली. एक म्हातारं जोडपं आम्हाला वळसा घालून लांबून गेलं. घरी पोचेपर्यंत आमचा घसा बसला होता आणि ठरलं काहीच नव्हतं.

दारात बूट काढता काढता ती म्हणाली, "मला अजून पटलेलं नाही. उद्या परत विचारते."